भुरीचे डोळे, विहीणबाईंचं तोंड

॥ श्री ॥
अनसिंग, ३० ऑक्टोबर २०२५

श्रीमती विहीणबाई मनकर्णाबाई यांस,
सा. न. वि. वि.

आपण फोनवर शेवटचं भांडलो ते तुमच्या प्रज्वलनं रेकॉर्ड करून वकिलाला ऐकवलं. म्हणून आता कागदावर लिहितो आणि ग्यानबाच्या हाती देतो. त्याची भाजीची गाडी तुमच्याकडे येतेच.

राखीचं सामान पोचलं. कपाट, शिलाई मशीन, भांडी, सगळं. कपाटाच्या आरशाला तडा आहे, तो वाटेत गेला असं धरून चालतो. पण भुरी आली नाही. ते गिनीपिग राखीनं वाशीमला शिकत असताना आणलं आणि लग्नानंतर मांडीवर घेऊन रिठदला नेलं. माझी मुलगी तुमचं घर सोडून रडत बसस्टँडवर आली तेव्हा तिला भुरीचं टोपलं उचलायचं भान नव्हतं. याचा अर्थ भुरी तुम्हाला दान केली असा होत नाही.

आता कळतं की म्हातारपणी तिचा डोळा गेला. तुम्ही तिच्याखाली सोयाबीनचं कुटार पसरता म्हणे. त्या टोकदार काडीकचऱ्यात ती तोंड खुपसणार, दुसरं काय होणार? ज्या घरात माझ्या मुलीला उठता-बसता ‘कुठी मेली वं’ ऐकावं लागलं, त्या घरात मुक्या जिवाचे हाल झाले याचं मला नवल नाही. ते वाक्य अर्जात लिहिलंच आहे, कोर्ट काय ते बघेल. भुरीला रविवारपर्यंत पाठवा.

लोभ मागत नाही, टोपलं मागतो.
शालिग्राम

॥ श्री ॥
रिठद, ३१ ऑक्टोबर २०२५

व्याहीबुवा शालिग्रामजी यांना मनकर्णाचा नमस्कार, वि. वि.

आरसा तुमच्याकडून आला तेव्हाच तडकलेला होता. लग्नघरी बोलू नये म्हणून मी गप्प बसले. पंगतीत वरणाला मीठ नव्हतं, तेव्हाही गप्पच बसले. तुमच्या अर्जात माझं तोंड लिहिलंत, तर माझं गप्प बसणंही लिहा.

कुटार पसरलं, हो. आमच्याकडे जनावराखाली कुटारच पसरतात, गादी घालत नाहीत. उजवा डोळा पाणावला, मिटायला लागला, तेव्हा माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब तिला घातले. तेही हो. डोळा दुधासारखा पांढरा झाला तशी तिला पिशवीत घालून वाशीमला जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. तिथं म्हशी-बैलांची रांग, आणि मी हे एवढंसं घेऊन उभी. माणसं हसली. डॉक्टरनं डोळ्यात पिवळं औषध टाकून उजेड मारला आणि म्हणाला की काडी टोचून बुबुळाला जखम झाली आहे, आणि माझ्या थेंबांनी ती आणखी चिघळली. डाव्या डोळ्यात वयानं मोतीबिंदू आहे, त्याला इलाज नाही. म्हणजे आता तिला दिसत नाही. मला तिथं सगळ्यांसमोर बोलणी बसली, ती मी ऐकून घेतली. तुमच्याकडून पुन्हा ऐकणार नाही.

आता जुन्या लुगड्याच्या घड्या अंथरते. उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळा पुसते आणि दिवसातून तीनदा नवे थेंब घालते. जखम भरेपर्यंत तिची जागा हलवू नका असं डॉक्टरनं बजावलं आहे. भुरी येणार नाही.

तुमची प्रकृती चांगली असेलच, नसायला काय झालं?
मनकर्णा

॥ श्री ॥
अनसिंग, ३ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई मनकर्णाबाई यांस,
सा. न. वि. वि.

काल मी स्वतः येऊन भुरीला घेऊन आलो. तुम्ही पाणीसुद्धा विचारलं नाही. मी टोपलं उचललं तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होतात. अडवाल म्हणून मी भांडायच्या तयारीनं आलो होतो, ती तयारी वाया गेली.

पण इथं आल्यापासून भुरीनं तोंडात काही घेतलं नाही. लसूणघास ठेवला, काकडी ठेवली, पेरूच्या फोडी ठेवल्या. कोपऱ्यात फुगून बसते. काल राखी रात्रभर सिरिंजनं थोडं थोडं भरवत होती, अर्धं अंगावर सांडलं. डॉक्टर म्हणतात, हे जनावर उपाशी राहिलं की पोट थांबतं आणि मग हाती लागत नाही. राखीनं तुम्हाला फोन केला, तर तिचा नंबर तुम्ही बंद करून ठेवलेला.

तुम्ही तिला कोणती सवय लावली आहे? मुद्दाम सांगितलं नाहीत ना? माझी मुलगी तुमच्या घरी रडली ते रडली, आता माझ्या घरातही तुमच्यामुळेच रडते आहे. ग्यानबाला उत्तर घेऊनच परत ये म्हणून सांगितलं आहे.

राग तसाच आहे, पण लवकर लिहा.
शालिग्राम

॥ श्री ॥
रिठद, ३ नोव्हेंबर २०२५

व्याहीबुवांना नमस्कार. ग्यानबा दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात.

पाण्याचा तांब्या तुमच्यासमोरच होता. हातात धरून पाजायला तुम्ही तान्हे नाही.

भुरीला दिसत नाही. खायला ठेवलं हे तिला हाक मारल्याशिवाय कळत नाही. कोथिंबीर निवडून झाली की मी चुलीपाशी बसून तुमच्या मुलीला ओरडायची, काड्या घेऊन जा म्हणून. त्या ओरडण्यावर भुरी कुईकुई करून टोपलं डोक्यावर घ्यायची. मुलगी गेली, पण भुरीला तीच हाक कळत होती, म्हणून मी तीच मारत राहिले, सकाळ-संध्याकाळ. शेजारची मोतीबाई म्हणते, सून जाऊन पाच महिने झाले आणि मनकर्णाच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणू दे.

तर असं करा. कोथिंबिरीच्या काड्या तिच्या नाकाशी ठेवा, दोन पावलं मागं व्हा आणि ओरडा: राखे, कुठी मेली वं! तुमच्या वकिलाच्या कागदात आहे तेच वाक्य. लाडानं म्हटलं तर ती येणार नाही, चिडूनच म्हणावं लागतं. हे पत्र कोर्टात दाखवायचं असेल तर दाखवा, मी लिहिलं नाही असं म्हणणार नाही. पण आधी ओरडा.

यातून माझ्याबद्दल काही गोड समजू नका. जनावर जगावं एवढंच.
मनकर्णा

॥ श्री ॥
अनसिंग, ४ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई मनकर्णाबाई यांस,
सा. न. वि. वि.

आधी मी साधी हाक मारली. भुरी हलली नाही. मग शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून दार लावून घेतलं आणि तुमच्यासारखा आवाज काढून ओरडलो. भुरी कुईकुई करत धडपडत पुढं आली आणि काड्या खाऊ लागली. सगळ्या खाल्ल्या.

पण दुसरंही झालं. राखी मागं मोरीवर भांडी घासत होती. तिकडून आवाज आला, आली आई. हात पुसत ती धावत आली आणि मला पाहून जागीच थांबली. तिची आई ती लहान असतानाच गेली, या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि तुमचा रागही आला. राखी भुरीपुढच्या काड्या सारख्या करत बसली.

कोर्टाची तारीख आहे तशी आहे. ते वाक्य अर्जातून काढायचं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, खरं आहे ते राहू द्या. तुमचं पत्र वकिलाला दाखवलेलं नाही. त्यातून तुम्हीही काही गोड समजू नका.

अडचण अशी की मी माझ्या मुलीला आजवर मोठ्यानं हाकही मारलेली नाही. हे वाक्य रोज दोन वेळा माझ्या तोंडून निघायचं नाही. प्रज्वलला रेकॉर्ड करता येतंच. तुमची हाक रेकॉर्ड करून पाठवा. ती वकिलाकडे जाणार नाही, शब्द देतो.

नाइलाजानं आपला,
शालिग्राम

॥ श्री ॥
रिठद, ५ नोव्हेंबर २०२५

व्याहीबुवा शालिग्रामजी यांना नमस्कार, वि. वि.

भुरीनं खाल्लं, बरं झालं. तुमच्या घरात एकाला तरी माझी किंमत कळली.

रेकॉर्ड करून पाहिलं. तीनदा केलं. प्रज्वलनं ऐकलं आणि म्हणाला, आई, तू चिडलेली वाटत नाहीस. चिडू कोणावर? भुरी नाही, तुमची मुलगी नाही, रिकाम्या स्वयंपाकघरात माझा आवाज चढत नाही, रडका येतो. तसल्या आवाजावर भुरी उपाशी मरेल. म्हणून पुसून टाकलं.

राखीच्या नंबरावरचं बंधन काढलं आहे. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला फोन लावा आणि भुरीच्या टोपल्याजवळ ठेवा, मी ओरडेन. त्याआधी किंवा नंतर आपण एकमेकांशी बोलायचं कारण नाही. थेंब तिचं खाऊन झाल्यावर घाला, आधी घातले तर ती रुसते. आणि ग्यानबानं तुमच्याकडे पाहिली ती जाडी पोती अंथरायला नकोत. लुगड्याच्या घड्या ग्यानबाबरोबर पाठवल्या आहेत.

कोर्टात भेटूच.
मनकर्णा

ता. क. राखीला म्हणावं, हाक भुरीसाठी आहे. तिनं ओ द्यायची गरज नाही. दिली तर मी ऐकून घेईन.