सासऱ्यांचा पोट सुटलेला वस्तरा

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष वाकायला आज कंबर तयार नाही). तुमचा खोकला गेला असेल, ताईचा रागही गेला असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे, आहोत.

माझे सासरे तुम्हाला ठाऊकच आहेत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवल्या, आणि आता त्यांचेच हात थरथरतात. कपबशी वाजते म्हणून ते पेल्यातून चहा पितात आणि वर "असाच छान लागतो" म्हणून सांगतात. दाढीही सुटली. वाढलेल्या दाढीने खाली उतरायचं नाही, त्यामुळे जिना बंद, आणि जिना बंद म्हणून कोपऱ्यावरचे मित्रही बंद. दिवसभर खिडकीशी बसून असतात. त्यांच्याकडे जुने, चमत्कारिक वस्तरे आहेत (एक करंगळीएवढा, एक इतका रुंद की त्याने कोबी चिरावा), पण गालाला लावू देतात तो एकच: ज्याची धार सरळ नसून पोट सुटल्यासारखी बाहेर आली आहे. त्याला हात लावायला एकही न्हावी तयार होईना. अशा वेळी शहाण्याने गप्प बसावं. मी म्हणालो, "त्यात काय! मी धार लावतो, मीच दाढी करतो." बायकोने इतक्या कौतुकाने पाहिलं की माघार घेणं जिवावर आलं.

दगड सपाट आणि धार गोल. मी इमानाने घासत होतो, पण दगडाला लागत होतं ते फक्त पोट; दोन्ही टोकं हवेत. सासरे म्हणाले, "घासू नका, झुलवा." मग तान्ह्या बाळाला निजवावं तसा वस्तरा दगडावर झुलवत बसलो. धार लागली का, हे केस टेकवून बघायचं, तो तुटायला हवा. माझे केस नुसतेच वाकत होते. उपटून उपटून डावा हात गुळगुळीत झाला, तेव्हा कुठे एक तुटला. पुढे चामड्याचा पट्टा. तो खिडकीच्या कडीला अडकवून त्यावर वस्तरा ओढायचा आणि टोकाशी पोचल्यावर पाठीवरून उलटायचा. मी धारेवरून उलटला. एका पट्ट्याचे दोन झाले.

सासरे शांतपणे म्हणाले, "धार बाकी छान लागली आहे."

पुन्हा दगड, पुन्हा झुलवणं, आणि या खेपेला माझ्या कमरेचा पट्टा (एका हाताने पँट धरून. कामवाल्या मावशी तेवढ्यात आत डोकावल्या आणि काम न करताच निघून गेल्या).

मग ते खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. दाजी, त्या मिटलेल्या डोळ्यांनीच माझी गाळण उडाली. इतका विश्वास माझ्यावर आईनेही कधी टाकला नव्हता. एक गाल झाला. दुसरा झाला. हनुवटी झाली. मग गळा आला, गळ्यावरची शीर उडताना दिसली, आणि मी वस्तरा तसाच धरून थांबलो.

"का थांबलात?"

"बाबा, माझा हात थरथरतोय."

यावर ते हसले! गळ्याशी वस्तरा असताना गदगदून हसले! मी ओरडून मागे उडी मारली (कंबर तेव्हाची). त्यांनी आरशात दोन्ही गाल निरखले, त्यावरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाले, "राहू द्या. गळा रविवारी करू." मग राहिलेल्या दाढीवर मफलर गुंडाळून, कठड्याला धरत ते जिना उतरले. बायको दाराआड उभी राहून रडली. मीही रडलो असतो, पण कमरेत उसण भरली होती, म्हणून आधी खाली बसलो.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. रविवारच्या आधी मला कुठल्या तरी गळ्यावर सराव करायलाच हवा. शनिवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे येतोय. तोवर कृपा करून दाढी करू नका.

पुन्हा ता. क. नाही म्हणून पत्र पाठवलंत, तरी ते पोचायच्या आत मी निघालेला असेन.