शाकारलेली होडी

१४ जून २०११
उद्यापासून शाळा, पुन्हा वर्गावर. बाबाने चहाचे दोन घोट घेतले, बाकी तसाच. कपड्यांची पिशवी अजून दाराशी. हॉस्पिटलातून थेट इथे पनवेलला आणला त्याला, तेव्हापासून तिथेच. कपाटात कप्पा रिकामा करून दिलाय, पण त्यात काही ठेवेल तर शपथ. शेजारच्या काकूंना सांगतो, "दोन दिसांसाठी आलूय." मला दिवसभर एकच, "दामूनं होरी शाकारली का गं नीट?"
हो म्हणते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवायला होडी आहेच कुठे? बाबा वॉर्डात होता तेव्हाच दामूने ती मोडायला दिली. फळ्या कुजल्या होत्या, खलाशी मिळत नव्हते, सगळं मान्य. मला सांगितलं मागाहून, फोनवर. "तूच सांग त्याला ताई, माझी हिंमत नाय." धाकटा भाऊ म्हणून सगळं माझ्या गळ्यात. माझी तरी कुठे आहे हिंमत.

१९ जून
पाटकर सर भेटले. आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे, आता खारघरला असतात. लोकांना हवी तशी जलरंगातली चित्रं काढून देतात. कुणाचा बंगला, कुणाचं कुत्रं. मनात काय आलं कोण जाणे, म्हटलं, आमची होडी काढून द्याल? 'एकवीरा प्रसाद'. बाबासाठी. भिंतीवर असली तर कदाचित त्याचं गावी मोऱ्याला जायचं, मोऱ्याला जायचं थांबेल. मूर्खपणाच. पण दुसरं काही सुचत नाही.
"फोटो द्या," म्हणाले. होडीचा फोटो कोण काढतं? माझ्या साखरपुड्याच्या फोटोत मागे नाळेचं टोक आलंय, तेवढंच. पुढचं निमुळतं टोक, बाकी सगळी मी.

२६ जून
सर घरी आले. बाबा इतका बोलला! टेबलावर पाणी सांडून बोटाने होडी काढून दाखवली. नाळ अशी, मागची बाजू अशी. मी पोहे करता करता ऐकत होते. आणि मग, "मास्तर, माझ्या सांगन्यावर कशाला जाताव? मोऱ्याला जा. उभी हाय ती. बघून काढा."
सर लगेच, "येत्या रविवारी जातो."
त्यांना स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. मग म्हणाले, "बाई, मी खोटं बोलणार नाही. विचारलं नाही तर सांगणारही नाही." पोहे न खाताच गेले.

९ जुलै
सरांचा फोन. दमट हवेत कागद वाळत नाही, रंग पसरतो. सूनबाईंचा केस वाळवायचा ड्रायर लावून बसलेत. पेपर तपासायचेत, बाबाचे गुडघे, गॅस संपलेला. कंटाळा आलाय सगळ्याचा.

१७ जुलै
सर चित्र घेऊन आले. काळेभोर ढग, उसळलेलं पाणी, मधोमध आपली होडी, आत दोन माणसं. मी तर वा म्हटलं. आमचे हेही म्हणाले, हॉलमध्ये शोभेल.
बाबा बघत राहिला आणि एकदम ओरडला. "आषाढान होरी पाण्यान? कोनी ढकलली? ही मानसं मेली समज! उतरव ते!"
मी कोळ्याची पोर. पावसाचे महिने घरात समुद्राचं नाव निघालं तरी आई हात जोडायची. आणि मी वा म्हणाले. लाज वाटली. पनवेलला येऊन मी कुणाची झाले?
सर रागावले नाहीत. "खरं सांगू? मला ढग काढायचे होते." चित्र घेऊन गेले. पुन्हा काढतो म्हणाले.
बाबा जेवला नाही. "दामूनं काढली का पाण्यान? खरं सांग." नाही म्हटलं. एवढं तरी खरं बोलले.

३१ जुलै
बाबाचं नवीन सुरू. नारळी पुनवेला मोऱ्याला जायचं, होडी पाण्यात उतरवायची, नाळेला पूजा स्वतः करणार. नेहरू शर्ट धुवायला लावला. हे म्हणतात, "सांगून टाक एकदाचं." यांना काय जातं सांगायला. दामूचा फोन, "पुनवेला आनू नको हां त्याला." बरं, मग तू ये आणि सांग, म्हटलं तर फोन ठेवला. त्याला बघवणार नाही हे. मला तरी कुठे...

७ ऑगस्ट
दुसरं चित्र. होडी किनाऱ्यावर, दोन्ही बाजूंना टेकू, वरून झावळ्या आणि ताडपत्री. नाळ तेवढी उघडी. आकाश साधं, राखाडी. माणूस नाही एकही.
बाबाने मांडीवर घेतलं. काचेवरून बोट फिरवत होता. "टेकू बरोबर हाय. नाल पन."
मग सरांना, "तुमी बघून आलाव?"
सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलीत तशी काढली, बाबा."
बाबाने मान हलवली. पुढे काही विचारलं नाही. त्याच्या खाटेसमोर खिळा ठोकला.

१२ ऑगस्ट
उद्या पुनव. आज सांगायचंच असं ठरवून शाळेतून आले. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. जवळ बसले. "बाबा, उद्या मोऱ्याला..."
त्याची नजर चित्रावर. "उद्या नको. यंदा नाय उतरवायची. ऱ्हाऊ दे शाकारलेली."
का, विचारलं.
"मानसं नायत." मग, "नारल आन. हितंच पूजा करू."
याला कळलंय? की खरंच वाटतंय, ती तिथे उभी आहे? विचारायचं धाडस झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि रडूही आलं. बाजारात जाऊन नारळ आणला, चांगला पाण्याचा बघून. त्याने कानाशी हलवून पाहिला, चित्राखाली ठेवला.
"दामूला बोलव," म्हणाला. "नारल त्याच्या हातानं फोडायचाय."
पिशवी दाराशीच आहे. दामूला अजून फोन लावला नाही. काय म्हणून बोलावू?