पौंडभर पीठ आणि एक गाणं

लॉरेल फोर्क, केंटकी
३ मे १९७१

प्रिय व्हर्नाताईस, धाकट्या ड्यूईचा सा. न. वि. वि.

तुझं गाणं इथे उठल्यापासून झोपेपर्यंत रेडिओवर वाजतंय. खाण बंद पडली तो हिवाळा, रोजचा घेवडा आणि मक्याची भाकरी, आणि स्वयंपाकघरात आईला धरून नाचणारे बाबा! ते असे समोर उभे राहिले की मी ट्रक बाजूला घेऊन रडलो. हसू नकोस.

पण आई भडकलीय. आपल्या चर्चची रीत तुला ठाऊकच आहे, कुणावर वेळ आली की घरटी पौंडभर काहीतरी नेऊन द्यायचं. गाणं ऐकून पाद्रीबुवांना वाटलं, आईचे अजून तेच हाल आहेत! काल सगळी मंडळी पीठ, साखर, कॉफी घेऊन ओसरीवर हजर. आईने हसून सगळ्यांची विचारपूस केली, आणि मंडळी गेल्यावर म्हणाली की माझ्या घरातलं माझ्यापाशी होतं, पोरीने ते चव्हाट्यावर मांडलं. रेडिओ कपाटात गेलाय. कबरी सजवायच्या रविवारी तू आलीस तरी तुझ्याशी बोलणार नाही म्हणते.

माझा लोभ आहेच, आईचा तेवढा तूच परत मिळव.

तुझा ड्यूई

नॅशव्हिल
१० मे

चि. ड्यूईस अनेक आशीर्वाद.

रडूबाई तू लहानपणापासूनच! पण मला त्या दोघांचं प्रेम सांगायचं होतं रे, गरिबी नव्हे. आईने तोंड फिरवलं तर लोकांच्या टाळ्या घेऊन काय करू? तिला सांग, ती नको म्हणाली तर हे गाणं मी पुन्हा गाणार नाही. रेकॉर्ड कंपनी बोंबलेल, बोंबलू दे. त्या रविवारी मी येतेय. बोलली नाही तरी बाबांच्या कबरीपाशी तिच्या शेजारी उभी राहीन.

तुम्हा दोघांची माया असू द्या.

ताई

लॉरेल फोर्क
१९ मे

चि. व्हर्ना हिस आईचे आशीर्वाद.

ड्यूईने तुझं पत्र दाखवलं. गाणंबिणं सोडायची नाटकं नकोत. लोकांच्या पिठाचे मी केक करणार आहे. रविवारी कबरींजवळ पंगत बसेल तेव्हा ज्याचं त्याच्या पोटात जाईल. आपण कुणाचं ठेवून घेत नाही.

पण गाण्यात तू एक चुकलीस. तुला वाटतं आम्ही सुखात होतो म्हणून नाचलो. अगं, त्या संध्याकाळी मी गाठोडं बांधून माहेरी निघाले होते. तुझे बाबा दारात आडवे आले. समजूत घालायला त्यांना शब्द कुठले सुचायला? धरला माझा हात आणि लागले नाचायला. बुटाचा तळ सुटलेला, तो फटाक फटाक वाजायला लागला. मला हसू फुटलं, आणि गाठोडं सोडलं.

ड्यूईला सांगू नकोस, पण तो कामावर गेला की मी कपाटातून रेडिओ काढते. तू फार संथ गातेस गं. ते त्याहून भरभर नाचत होते. रविवारी गिटार आण आणि त्यांच्यापाशी उभी राहून गा. ताल मी पायाने धरीन.

वाट पाहणारी,
तुझी आई