पहिलं शील

प्रिय धम्मदीप,

तुझ्या आईचं, म्हणजे आमच्या मावशीचं, सगळं नीट झालं. तू व्हिडिओवर पाहिलंस, पण मोबाइल माझ्याकडे काम करणाऱ्या तेजसच्या हातात होता, चित्र हलत होतं, म्हणून लिहितो. वैकुंठ स्मशानभूमीत तिच्या कोथरूडच्या सोसायटीतले झाडून सगळे आले होते. मला रडू आलं नाही. घरी न जाता माझ्या साउंडच्या गोडाउनमध्ये वायरी गुंडाळत बसलो. हे काम आता माझ्याकडे पोरं करतात, तरी.

तू परदेशात तिकडच्या राज्याचा गव्हर्नर झालास तेव्हा आपल्या जुन्या धायरीत फ्लेक्स लागला होता, त्यावर नगरसेवकाचा फोटो तुझ्या दुप्पट. शेजारचे बद्रीनाथ मावशीला म्हणाले, 'म्हणजे आपल्या राज्यपालांसारखंच ना? फिती कापायच्या.' मावशी म्हणाली, 'नाही हो, मुख्यमंत्र्यासारखा. सही त्याचीच चालते.' मग कितीतरी दिवस जिन्यात भेटेल त्याला ती तुझा प्रवास ऐकवायची. पालिकेची शाळा, शिष्यवृत्ती, तिकडे सरकारी वकील, मग आमदार, मग हे. मी मध्येच म्हणायचो, मावशी, त्याचा पहिला माइक कुणाचा तेही सांग की. चौथीतला तू जयंतीच्या स्टेजवर पंचशील म्हणत होतास आणि मी भाड्याचा कर्णा खांबाला बांधून खाली उभा. पहिल्या ओळीला तुझा आवाज असा चढला की कर्ण्याने शिट्टी मारली.

परवा वैकुंठात बद्रीनाथांनी हळूच विचारलं, हे काय म्हणतात? मी सांगितलं, आमच्यात लग्न असो की मयत, आधी पंचशील. पाच शपथा. पहिली, जीव न घेण्याची. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. पेपर तेही वाचतात.

मागच्या दिवाळीआधी तू त्या मृत्युदंडाच्या कैद्याचा माफीचा अर्ज नाकारलास. शिक्षा दिली त्या रात्री तुरुंगाबाहेर त्याची आई घडीच्या खुर्चीवर बसली होती, ते मावशीने मोबाइलवर पाहिलं. मला एवढंच म्हणाली, 'तिला पाणी दिलं असेल का रे कुणी?' त्यानंतर दर रविवारी तुझा फोन आला की मी तुला 'मावशी झोपलीय' सांगत आलो. तुला ते खरं वाटलं नसणार. ती शेजारीच असायची, स्पीकर चालू ठेवायला लावायची आणि तोच एक टॉवेल पुन्हा पुन्हा घडी घालायची. एकदा तू फोन ठेवल्यावर म्हणाली, 'सर्दी झालीय त्याला.'

येत्या रविवारी विहारात मावशीचा जलदानविधी आहे. तिथे लावायला तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मिळालं. आवाज स्वच्छ आहे. त्रिशरण आहे. मग एकदम चोरी न करण्याची शपथ, म्हणजे दुसरी. मला वाटलं फाइल अर्धवट आली. हेडफोन लावून परत ऐकलं. कट नाही. तिथे तू श्वास घेतोस, ओठ उघडल्याचा आवाज येतो, आणि तू पुढे जातोस. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण तुझा आवाज लहानपणापासून माझ्याच कानातून गेलाय. तू विसरलेला नाहीस.

शुक्रवारी तिकडे आणखी एका माणसाच्या शिक्षेची तारीख आहे आणि त्याचा अर्ज तुझ्या टेबलावर आहे, असं वाचलं. तुमचा कायदा मला कळत नाही. त्याने ज्यांचं माणूस मारलं, तेही तुझ्या दारात उभे असतील. फोनवर बोललो असतो तर तू मला समजावलं असतंस आणि मला पटलंही असतं, तुझा आवाजच तसा आहे. म्हणून हाताने लिहून फोटो तुझ्या खासगी नंबरावर पाठवतोय. ते रेकॉर्डिंग मी लावणार नाही. सगळा विहार तुझ्यामागे म्हणणार आणि पहिल्याच ओळीला लोक एकटे पडणार. मावशीच्या फोटोसमोर मला ते नको. शुक्रवार होऊन जाऊ दे. मग पुन्हा रेकॉर्ड कर, पहिलीपासून, म्हणता येत असेल तरच. नाही आलं, तर आमचं आम्ही म्हणू. रविवारी सकाळपर्यंत वाट बघतो.

तुझाच,
कर्णेवाला सुखदेव