थांबा आणि दुखवटा

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार
मच्छीमार संस्थेत आजपासून कामाला लागले! वरठीहून सामान आणून इथेच, पुनर्वसनाच्या गावात, खोली घेतली. ऑफिसच्या खिडकीतून गोसीखुर्द धरणाचं पाणी आणि काठावरचे डोंगे, मासेमारीच्या छोट्या होड्या, दिसतात. सचिव सोमाजी काकांनी दिवाळीची उरलेली करंजी दिली आणि सदस्यांच्या यादीत 'रिता' हे नाव मलाच टाइप करायला लावलं. आता तू आमची झाली, म्हणाले.
इथली रीत आवडली. सदस्य वारला की त्या दिवशी कुणीच पाण्यात उतरत नाही. ऑफिसातून मेल जातो, काठावरच्या सगळ्या गावांत मोबाईल वाजतात.

५ नोव्हेंबर
मेलचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी अडकतो. माझ्या आधी इथे काम करणाऱ्या वीरेंद्रने त्यात दोन ॲड-ऑन, म्हणजे जोड-प्रोग्राम, बसवलेत. 'दुखवटा' यादीतलं नाव घेऊन शोकसंदेश लिहितो आणि पाठवतो. 'थांबा' कुठलाही मेल माणसाने हो म्हटल्याशिवाय सोडत नाही. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. काका म्हणाले, राहू दे, वीरेंद्र हात लावू नको सांगून गेला. मग काम कसं करायचं?

६ नोव्हेंबर
प्रोग्राम सेफ मोडमध्ये, ॲड-ऑनशिवाय उघडला, तर सुरळीत चालला. म्हणजे दोष ॲड-ऑनचाच. एकेक बंद करून पाहिला. 'दुखवटा' बंदच होत नाही, बटण दाबलं की पुन्हा चालू. चार तास गेले, डोकं फिरलं! शेवटी प्रोग्राम अपडेट केला आणि 'थांबा' काढून टाकला. आता मेल कसे सरसर जातात. लोक उगाच घाबरतात.

७ नोव्हेंबर
सकाळी दहाला आमचे सदस्य मारोतराव वारल्याचा मेल गेला. मी पाठवला नव्हता. खुद्द मारोतरावांचा फोन आला, "मी जित्ता आहो न, मले काहून मारून राहिले?" मी दहादा माफी मागितली. चूक झाल्याचा मेल लिहिला, तो जाईना. लोकांना दाखवतोच म्हणत ते रागाने डोंगा घेऊन निघाले. बाकी सगळे डोंगे काठाला होते, मेल आला होता ना. दुपारी पाय जाळ्यात गुरफटून ते बुडाले. ओढून काढायला पाण्यात कुणीच नव्हतं.
हे माझ्यामुळे झालं. जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर
'दुखवटा' निघत नाही. 'थांबा' परत बसवायला गेले तर नव्या आवृत्तीशी जुळत नाही म्हणतो. जुनी आवृत्ती बसत नाही. असा संताप येतो की पडदा फोडावा.
वीरेंद्रला फोन केला. 'थांबा' काढल्याचं ऐकताच ओरडला, "तो काहून काढला? दोघं भांडून राहिले होते म्हनून तर दुखवटा अडकून होता!" पुन्हा फोन उचलला नाही.

९ नोव्हेंबर
दहाला मंदाबाई वारल्याचा मेल. काका धावत गेले. त्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या, मेलचं ऐकून हसल्या. तुम्हाला पाणी आणते म्हणून आत गेल्या —
बाहेर आल्याच नाहीत.

११ नोव्हेंबर
यादीतून माझं नाव खोडते आहे. खोडलं की पुन्हा येतं. पुन्हा खोडलं — पुन्हा.
वायर उपटली. पडदा चालूच.

दहा वाजले. मेल गेला. माझं नाव.

सगळे डोंगे काठाला लागलेत. लोक इकडेच येताहेत. बायका रडताहेत — अहो, मी इथे आहे —

काकांनी दार वाजवलं. अंदर कोन आहे, म्हणाले. मी म्हटलं, मी, रिता. पुन्हा तेच विचारलं. मी ओरडले. घसा फाटेपर्यंत —

ते बायकांना सांगताहेत, अंदर कोनीच नाही.

कडी माझ्याच हाताजवळ आहे. मी दार उघ