पानात न वाढलेलं मीठ

बाबा, लिथुएनियाच्या त्या बाई तुमच्याबद्दल काय म्हणाल्या होत्या, ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. विसरले नव्हते. त्यानंतर दिवाळीपर्यंत तुम्ही माझ्याच घरात होतात, सकाळी समोरासमोर बसून आपण चहा प्यायचो, आणि मी ते वाक्य रोज चहाबरोबर गिळायचे. आता तुम्हाला जाऊनही कितीतरी वर्षं झाली. आज मराठीत सांगते आहे. मराठीत बोललेलं तुम्हाला जेवणाच्या टेबलावर ऐकू येत नसे, पण आता कुठे टेबल आहे?

नागपूरच्या घरातला तो नियम तुम्हाला शिक्षण वाटायचा. रात्रीच्या जेवणाला जे हवं ते रशियनमध्ये मागायचं. पोळी, तूप, ताक, काहीही. मराठीत मागितलं की तुम्ही भिंतीकडे बघायचात, आणि आईनं वाढायला हात पुढे केला तर तिच्याकडे असं बघायचात की तो हात आपोआप मागे जायचा. तुपाला काय म्हणतात ते आठवलं नाही म्हणून मी कितीदा कोरडी पोळी गिळून उठले आहे. कॉलेजात तुमच्या रशियनच्या वर्गाला जेमतेम मुलं, त्यातली निम्मी गुळगुळीत कागदाची सोव्हिएत मासिकं वह्यांना कव्हर घालायला मिळतात म्हणून येणारी. तिथे तुमचं कुणी ऐकत नव्हतं, मग घरात ऐकवलंत. पुढे सोव्हिएत देशच मोडला, मुलं जर्मनकडे पळाली, तुमचा वर्ग बंद पडला. आपल्या टेबलावर मात्र तो देश जसाच्या तसा होता. आणि आईचं काय? एकदा दिल्लीहून तुमचे कोणी प्राध्यापक आले होते. 'चहा तयार आहे' एवढं वाक्य आई गॅसपाशी उभी राहून घोकत होती, मी ऐकत होते. बाहेर येऊन तिनं ते म्हटलं. तुम्ही हसलात. "पुन्हा म्हण," म्हणालात. तिनं म्हटलं. "पुन्हा." ट्रे हातात धरून ती म्हणत राहिली, पाहुणे बिचारे खिडकीबाहेर बघायला लागले, चहावर साय धरली. त्यानंतर ती आपल्या पंगतीला बसली नाही. आपलं झालं की ओट्यापाशी पाट घेऊन एकटी जेवायची. तुमच्या लक्षात तरी आलं होतं का ते?

त्याच रशियनच्या जोरावर मला अमेरिकेत पीएच.डी.ला घेतलं, हे मला नाकारता येत नाही. पेनसिल्वेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी. पहिल्याच सेमिनारमध्ये प्राध्यापकांनी विचारलं, इतकं चांगलं रशियन कुठे शिकलीस? म्हटलं, घरी, जेवताना. त्यांना वाटलं, वा, काय सुसंस्कृत घर असेल! मी विषय निवडला तो असा: सोव्हिएत सत्तेखालून सुटलेली माणसं स्वतःची ओळख कशी सांगतात, 'आम्ही एका साम्राज्याचे गुलाम होतो' हे म्हणायला ती कधी शिकली, ते कुठल्या शब्दांत म्हणतात, आणि म्हटल्यावर त्यांच्या हाती काय लागतं. फोनवर तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "ज्या भाषेनं तुला तिथवर नेलं तिच्याच तोंडावर थुंकणार?" होय बाबा, अगदी तेच. वर संदर्भांची झूल चढवली होती, पण खाली साधा सूड होता. तुमचा.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आलात. माझ्या रूममेटनं, त्या पुण्याच्या इंजिनिअर पोरीनं, स्वतःची खोली तुम्हाला दिली. "यार, काका-काकूंना माझी रूम दे, मी तशीपण लॅबमध्येच पडीक असते," असं म्हणून उशी घेऊन ती मैत्रिणीकडे गेली. तिच्याशीही तुम्ही रशियनमध्ये दोन वाक्यं बोललात, आणि ती म्हणाली, "सॉलिड हां काका! मला झिरो कळलं, पण सॉलिड." तुम्ही दिवसभर खुशीत होतात. तेवढ्यानंही खुशीत यायचात तुम्ही.

माझा प्रबंध तेव्हा लिथुएनियाच्या बाईंपाशी अडला होता. त्या विद्यापीठाच्या लायब्ररीतून निवृत्त झालेल्या, कॅम्पसच्या बसमार्गावर एकट्या राहायच्या. वर्षभर मी त्यांच्याकडे खेटे घालत होते आणि त्या मला इंग्रजीत, वर्तमानपत्रात छापल्यासारखी उत्तरं देत होत्या. जे मला हवं होतं ते त्यांच्या पोटात होतं आणि ओठांवर येत नव्हतं. आईवडील आलेत म्हटल्यावर मात्र त्या जेवायला यायला तयार झाल्या. मी तुम्हाला दोनदा बजावलं होतं की बाई रशियन बोलत नाहीत, तुम्हीही बोलू नका. तुम्ही म्हणालात, "तिकडची आहे, बोलेल." नागपुरात तिकडचे सगळे एकच होते ना तुमच्यासाठी. मॉस्कोत काढलेल्या दहा महिन्यांत तुम्हाला वेगळं कुणी दिसलंच नसावं.

त्या दारात आल्या आणि तुम्ही किंचित वाकून लांबलचक स्वागत केलंत. किती दिवस पाठ करत होतात कोण जाणे. त्या ऐकून घेतात. मग इंग्रजीत, अगदी सौम्यपणे म्हणतात, "माफ करा. जी भाषा बोलायची माझ्यावर सक्ती झाली, ती मी जेवणाच्या टेबलावर बोलत नाही."

"काय म्हणते गं ती?" आई विचारते.

मी शब्दन्‌शब्द मराठीत सांगितला. काहीही मऊ केलं नाही. आणि आई हसली बाबा. पदर तोंडाला लावून, खांदे गदगदा हलेपर्यंत हसली. मी तिला तुमच्यासमोर तशी हसताना कधी पाहिली नव्हती. बाईंना कारण कळलं नाही, पण त्याही हसल्या, आणि आईचा हात धरून तिला आपल्याशेजारच्या खुर्चीवर बसवलं. अशी ती किती वर्षांनी आपल्याबरोबर जेवायला बसली.

घरी मीठ कुणालाच कधी मागावं लागलं नाही. पान मांडलं की आई आधी चिमूटभर मीठ वाढायची, मग बाकीचं. त्या दिवशी पाहुण्यांसाठी अमेरिकन पद्धतीनं भांडी मधोमध ठेवली होती, ज्याचं त्यानं घ्यायचं. पानात मीठ नव्हतं. आणि वरण अळणी झालं होतं, कारण मला वाटलं आईनं मीठ घातलं आणि आईला वाटलं मी घातलं. तुम्ही भात कालवलात, एक घास घेतलात, थांबलात. मिठाची बाटली आईच्या हाताशी होती. तुम्ही आईकडे बघून मीठ मागितलंत. रशियनमध्ये.

आई म्हणाली, "मला नाही हो येत ती भाषा."

तो शब्द तिला येत होता. वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून आपलं जेवण ऐकत बसलेल्या बाईला मीठ कळत नाही होय? तुम्ही माझ्याकडे वळलात. मी बाईंना वांग्याची भाजी वाढत होते, ती वाढतच राहिले. मला एकच गोष्ट हवी होती. तुम्ही एकदा, फक्त एकदा, आईच्या तोंडाकडे बघून आपल्या भाषेत काहीतरी मागावं. 'मीठ दे गं' एवढं. डॉक्टरेट नसती मिळाली तरी चाललं असतं. तुम्ही ते म्हणाला नाहीत. अळणी भात शितन्‌शीत संपवलात, हात धुतलेत आणि बाल्कनीत जाऊन काचेचं दार लावून घेतलंत. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी पोटभर जेवले.

आता ते वाक्य. तुम्ही काचेपलीकडे पाठमोरे उभे होतात, खालच्या पार्किंगकडे बघत. बाईंनी तुमच्या पाठीकडे पाहिलं आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी रशियनमध्ये बोलल्या. "किती सुंदर बोलतात तुझे वडील," म्हणाल्या. "माझ्या शाळेतल्या बाई असंच बोलायच्या. आम्हाला आमच्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा करायच्या आणि मला त्या फार आवडायच्या. ते आणखी थोडं बोलले असते ना, तर मी उत्तर दिलं असतं. म्हणून थांबवलं." आणि मग त्या बोलत राहिल्या. जे मला हवं होतं ते सगळं आलं. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात वाखाणलं गेलेलं प्रकरण त्या संध्याकाळचं आहे. तुम्हीही आहात त्यात, एका तळटीपेत, 'एका भारतीय घरातले वडील' म्हणून. तुम्हाला आयुष्यभर तिकडच्या कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं, की तुम्ही सुंदर बोलता. कुणी म्हटलं नाही. जिनं म्हटलं तिचा निरोप माझ्याकडे होता, आणि मी दिला नाही. तुम्ही ज्या हिशेबानं तूप दिलं नाहीत, त्याच हिशेबानं.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. दिवसकार्य झाल्यावर मी आईला विचारलं, शेवटी काही म्हणाले का? आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पाणी मागितलं."

"कसं मागितलं?"

"त्यांच्या त्याच भाषेत."

"मग?"

"मग काय. दिलं. तेवढं कळतं मला."

म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत हरला नाहीत. घशाला कोरड पडली, समोर तीच बाई भांडं घेऊन उभी, आणि तरीही नाही. ते कळल्यापासून मला वाटत होतं की आपल्या दोघांत निदान मी तरी त्या टेबलावरून उठले आहे. आई आता माझ्याकडे असते. जेवताना मोठमोठ्यानं बोलते, टीव्हीवरच्या बायकांना नावं ठेवते, आणि पानात मीठ अजून आधी वाढते.

हे पत्र कुठे पाठवणार? खणातच राहील. पण एक सांगायचं राहिलं. काल रात्री हे लिहायला बसले तेव्हा पहिली दोन पानं सरळ रशियनमध्ये लिहून झाली होती. माझ्या लक्षातही आलं नाही. तुमच्याकडून काहीतरी मागायचं होतं.