काकांना माझा नमस्कार सांग

कुंभकोणम्
१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

प्रिय गायत्री,

अक्काचा आशीर्वाद. इकडे जेवणखाण वेळेवर चालू आहे. सकाळी सातला तुला फोन केला. नऊला हे बँकेत गेले. अकराला मी कोर्टाजवळ एका कामासाठी गेले, एकला परत आले. ऊन आताच कडक झालं आहे. विश्वेशरावांचा खोकला थांबला का?

सकाळी तू रागावलीस, ते बरोबरच. हरिणीशी व्यंकोबाकाका म्हणून कोणी बोलतात का, एवढं विचारून, कारण न सांगता मी म्हणाले, की तिचा फोन काढून घे, त्यातलं काही पुसू नकोस, कपाटात ठेव.

"काय हुकूम, अक्का! तिचा शाळेचा अभ्यास त्याच्यावरच येतो."

"काढून घे."

"कुणामुळे? त्या व्यंकोबाकाकांमुळे? अगं, ते आपलेच आहेत, तिकडचे. पुण्यात मला 'कां गे, जेवलीस?' असं विचारणारं कोण आहे? परवा मीसुद्धा बोलले त्यांच्याशी!"

मग तू हसलीस. म्हणालीस, "कीर्ती गेल्यापासून तुला सगळीकडे भुतं दिसतात."

तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि हरिणी तिथेच होती, म्हणून मी पुढे बोलले नाही. शिवाय हे मला तोंडाने सांगता येत नाही. लिहिता येतं का, बघते.

माझ्या कीर्तीला डेंग्यू झाला नव्हता. सोळा ऑक्टोबरला ती गेली ती तापाने नाही. तिने स्वतःच जीव दिला. डेंग्यू सांगायचं ठरवलं ते यांनी. त्या दिवशी मला बोलायची ताकद नव्हती. मग तेच सांगत राहिले, तुलाही. तू चार दिवस इथे राहून माझे केस विंचरलेस, तेव्हाही सांगितलं नाही. मला क्षमा कर, असं आता म्हणत नाही. आधी बाकीचं वाच.

ती अकरा वर्षांची असताना गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलाच्या देवळात अभंग म्हणाली होती, आठवतं? तो व्हिडिओ सगळ्यांना आवडला. तिला त्या अॅपवर खातं हवं होतं. तिचं खरं जन्मसाल घातलं तर ते घेईना. ती रडायला लागली, म्हणून मी माझं १९८३ घातलं. लगेच घेतलं. दोघी हसलो.

नंतर या व्यंकोबाकाकांचे निरोप यायला लागले. त्या अॅपनेच त्याचं नाव 'तुमच्या ओळखीचे असतील' म्हणून तिच्यासमोर ठेवलं होतं. एकदा मी स्वयंपाकघरात चटणी वाटत होते आणि बाहेरच्या खोलीतून, तिच्या फोनमधून आवाज आला, "कां गे बाळ, गाणं म्हटलंस?" अगदी आपल्या आजोबांसारखं. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, भजनातले एक काका. आपली ही तमिळ मुलखातली जुनी मराठी आपल्या दोन-चारशे घरांबाहेर कोणाला येते? दारात उभ्या अनोळखी माणसाला मी आत घेतलं नसतं. याला घेतलं.

मी म्हणाले, "काकांना माझा नमस्कार सांग."

तिने सांगितला. पुढे तो तिला म्हणाला, तुझ्या आईला मी ठाऊक आहे, तिला वाईट वाटेल असं काही सांगू नकोस. हे मी पोलिसांनी दाखवलेल्या संभाषणात वाचलं. त्याने काय काय मागितलं ते लिहीत नाही. नाही म्हटल्यावर धमक्या दिल्या. माझा तो नमस्कार त्याच्या फार कामाला आला, गायत्री.

तिने त्या अॅपच्या कंपनीकडे दोनदा त्याची तक्रार केली होती. एकटीने, मला न विचारता. दोन्ही वेळा तेच उत्तर: तपासलं, नियमभंग आढळला नाही. दुसरं उत्तर चौदा ऑक्टोबरचं आहे.

तो कोण, अजून कळलेलं नाही. पोलीस म्हणतात, आपल्यातला असेल किंवा आपल्या लग्ना-भजनांचे व्हिडिओ ऐकून शिकलेला असेल. आवाजही यंत्राने बनवता येतो म्हणे. मागच्या महिन्यात आपल्या सुब्बलक्ष्मीच्या घरी पूजेला गेले होते. प्रत्येक पुरुष बोलला की मी मान खाली घालून कान देत होते. आता कोणाकडे जात नाही.

कंपनीने पोलिसांना लिहिलं, की आमच्या नोंदीप्रमाणे खातेदार एक्केचाळीस वर्षांची स्त्री आहे, मुलांचे नियम तिला लागू नाहीत. त्याचं खातं बंद केलं नाही.

पोलिसांनी कीर्तीचा फोन परत दिला आहे. मी तो चार्ज करून ठेवते. काल संध्याकाळी उघडला तर त्यावर गेल्या आठवड्यात आलेली एक ओळ दिसली: हरिणी आणि व्यंकोबाकाका आता मित्र आहेत. कीर्तीच्या मित्रांच्या यादीत हरिणी होती ना, तिथून त्या अॅपने त्याला तुझ्या घरापर्यंत आणून सोडलं. आणि मी डेंग्यू सांगितला होता, म्हणून तुला ओळखता आलं नाही.

आज कोर्टाजवळ गेले ते याचसाठी. वकील चंद्रमौली चेन्नईहून आले होते. ज्यांच्या मुलांना असंच फसवलं अशा सहा घरांचा मिळून उच्च न्यायालयात अर्ज आहे, कंपनीलाच जाब विचारायचा. प्रतिज्ञापत्रावर पालकाची सही हवी होती. यांचा मात्र नकार आहे. लोक काय म्हणतील, हरिणीला स्थळं कशी येतील. हो, हरिणीचंसुद्धा म्हणतात.

मी वकिलांना म्हणाले, "जन्मसाल मी खोटं घातलं. ते माझ्यावरच उलटवतील."

ते म्हणाले, "उलटवू दे, अम्मा. म्हणून आपणच पहिल्या पानावर लिहू. मग मी एवढंच विचारणार, की या एक्केचाळीस वर्षांच्या बाईला तुम्ही रोज शाळेची दप्तरं आणि आठवीच्या शिकवणीच्या जाहिराती का दाखवत होता?"

कंपनीला तिचं वय ठाऊक होतं, गायत्री. जाहिराती विकताना ठाऊक होतं.

मी सही केली. सगळं पहिल्या पानावर आहे, माझा नमस्कारसुद्धा. यांना संध्याकाळी सांगेन. त्यांच्याआधी तुला लिहिते आहे.

तू हरिणीला मारू नकोस. काय पाठवलंस म्हणून खोदून विचारू नकोस. तिच्याजवळ बस आणि सांग, की मावशीलाही त्याने फसवलं, आईलाही फसवलं, तुझी चूक नाही. हे तीनदा सांग. रात्री तुमच्याच खोलीत झोपव. पत्र मिळालं की लगेच विश्वेशरावांना घेऊन पोलिसांकडे जा, फोन तसाच दे. तो तुझ्याशी पुन्हा बोलेल, गोड बोलेल, जेवलीस का विचारेल. उत्तर देऊ नकोस.

डिंकाची बाटली वाळून गेली आहे. दुपारच्या भाताची दोन शितं घेऊन पाकीट चिकटवते, आणि टपाल कचेरी बंद व्हायच्या आत चालत जाऊन स्पीड पोस्टने टाकून येते.

तुझी अक्का,
कीर्तीची आई